पार्ल्यातला एक बंगला: वृंदावनावरचं साल आणि माजघरातली ओल

पार्श्वभूमी

विलेपार्ले पूर्वेला, स्टेशनपासून चालत दहा-बारा मिनिटांवर हा बंगला आहे. तळमजला आणि वर एक मजला, मंगलोरी कौलांचं छप्पर, मागे विहीर, पुढे तुळशीवृंदावन. गल्ली, भूखंड क्रमांक आणि माणसांची नावं इथे दिलेली नाहीत. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. तळमजल्याच्या पुढच्या भागात ऐंशी ओलांडलेल्या आत्या एकट्या राहतात. मागच्या दोन खोल्यांत एक भाडेकरू कुटुंब आहे, त्यांची आता तिसरी पिढी. वरचा मजला आठेक वर्षं कुलपात होता. मालकी तिघांची: आत्या आणि त्यांचे दोन भाचे, एक पुण्यात, दुसरा परदेशात.

घराखालची जागा ४२ फूट बाय ३४ फूट. जोतं काळ्या दगडाचं, अडीच फूट उंच. भिंती चुन्यात बांधलेल्या विटांच्या. तळमजल्यावर दीड विटेच्या, वर एका विटेच्या. छताची उंची अकरा फूट. मधला मजला काही भागात सागवानी तुळयांवर, तर मागच्या भागात लोखंडी गर्डरवर टाकलेल्या शहाबादी फरश्यांवर. पुढचा पोर्च आणि मागचं न्हाणीघर एवढंच काँक्रीटचं, दोन्ही नंतरचं. मूळ घरात आरसीसीचा एकही खांब नाही, सगळा भार भिंती पेलतात. ही एक गोष्ट पहिल्याच दिवशी नीट लक्षात घेतली असती तर पुढचा बराच त्रास वाचला असता.

पार्ल्याची वाढ या घराच्या वयाशी जोडलेली आहे. १८९६ च्या प्लेगनंतर गिरगावातली, ठाकुरद्वारची माणसं हवेशीर जागा शोधू लागली. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला. त्याआधी हा भाग ठाणे जिल्ह्यातल्या साष्टी तालुक्यात होता. १९२१ मध्ये पार्ले टिळक विद्यालय सुरू झालं, १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ. १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेची लोकल आली आणि फोर्टात नोकरी करून पार्ल्यात राहणं सोयीचं झालं. जुन्या घराचं साल ठरवताना या तारखा हाताशी लागतात.

अडचण

माजघराच्या मागच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेली तडा होती, रुंद ठिकाणी पाऊण सेंटिमीटर. त्याच भिंतीला जमिनीपासून चार फुटांपर्यंत ओल आणि खार (ओलीबरोबर भिंतीवर येणारं पांढरं मीठ). वरच्या मजल्यावर दोन ठिकाणी कौलांतून पाणी. पुण्याच्या भाच्याने स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करून घेतलं. तीस वर्षांहून जुन्या इमारतीला मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब प्रमाणे ते करावंच लागतं. अहवाल आला: सी-१, म्हणजे राहण्यास धोकादायक, रिकामी करून पाडावी.

तो अहवाल बारकाईने वाचल्यावर दिसलं की भिंतींवर रिबाउंड हॅमर (हातोडी किती उसळते) आणि अल्ट्रासॉनिक पल्स (ध्वनिलहर किती वेगाने जाते) या चाचण्या केल्या होत्या. या चाचण्या काँक्रीटसाठी आहेत. चुन्यातल्या वीटकामावर, त्यातही गिलाव्यावरून, हॅमर मारला तर आकडा कमीच येणार. त्यावरून भिंतीच्या ताकदीबद्दल काहीही ठरवता येत नाही. काँक्रीट तपासायची सवय झालेल्या माणसाने भार पेलणाऱ्या भिंतींचं घर तपासलं की असं होतं. मुंबईत हे वारंवार घडतं आणि धडधाकट घरं त्यापायी जातात.

त्याच सुमारास एका विकासकाचा प्रस्ताव आला. परदेशातल्या भाच्याला तो बरा वाटला. पुण्याच्या भाच्याला घर वारसा यादीत जावं असं वाटत होतं आणि त्याचा आधार घरात लहानपणापासून ऐकलेल्या दोन गोष्टी होत्या: घर १९१२ सालचं आहे, आणि १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात एक मोठे पुढारी माडीवर दोन रात्री राहिले होते. आत्यांचं म्हणणं एवढंच की ‘मी इथंच राहणार’. भाडेकरूंना कोणी काही विचारलंच नव्हतं.

पहिला निर्णय: ऑडिटला उत्तर आधी की घराची नोंद आधी

फेब्रुवारी उजाडला होता, पावसाला चार महिने होते. दुसरं ऑडिट लगेच करून पहिल्याला उत्तर द्यावं, असं एक मत होतं. दोन अहवाल परस्परविरोधी असले की प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे जातं, आणि तिथे फक्त ‘घर चांगलं आहे’ म्हणून भागत नाही. तडा कशाने गेली याचं कारण द्यावं लागतं. कारण कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून जतनाचं काम करणाऱ्या वास्तुविशारद बाई आणि जुन्या वीटकामाचा अनुभव असलेले अभियंता यांनी सहा आठवडे मागून घेतले: घर मोजायचं, कागद काढायचे, राहून गेलेल्या आणि राहत असलेल्या माणसांशी बोलायचं. तोवर तडेवर तीन ठिकाणी प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये काचेच्या पातळ पट्ट्या बसवून तारखा लिहिल्या. भिंत सरकत असेल तर काच फुटते.

खबरदारी म्हणून माजघरात तुळईखाली दोन टेकू लावले आणि तिथली झोपायची जागा हलवली. धोका नाही असं सिद्ध होईपर्यंत धोका आहे असं धरूनच चालावं, हे बरोबरच झालं.

घर काय सांगतं

सालाचा प्रश्न वृंदावनापासून सुरू झाला. काळ्या दगडाच्या त्या वृंदावनावर ‘शके १८३४’ कोरलेलं आहे. शकात ७८ मिळवले की १९१२ येतं, आणि घरातल्या साऱ्यांनी तेच घराचं साल मानलं होतं. पण वृंदावनाच्या खालच्या थराची नक्षी अर्धी सिमेंटच्या ओट्यात बुडालेली दिसली. जागेवरच घडवलेल्या वृंदावनाची नक्षी कोणी बुडवत नाही. ते दुसरीकडून आणून इथे बसवलं होतं.

मग घराच्या अंगावरच्या खुणा. छपरावरून तपासायला काढलेल्या साठ कौलांपैकी बहुतेकांच्या पाठीवर कॉमनवेल्थ ट्रस्टचा छाप होता. मंगलोरी कौलांचा उद्योग बासेल मिशनने १८६५ मध्ये सुरू केला. पहिल्या महायुद्धानंतर त्यांचे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. म्हणजे ही कौलं महायुद्धानंतरची. एकट्या कौलावर भरवसा ठेवता येत नाही, कारण कौलं बदलली जातात. दिवाणखान्यातल्या रंगीत नक्षीच्या सिमेंट टाइल्सपैकी एक सुटी होती, आठ इंच बाय आठ इंच; तिच्या पाठीवर मुंबईच्या भारत टाइल्सचा छाप निघाला, आणि हा कारखाना १९२२ मधला. टाइल्स मूळ जमिनीतल्याच होत्या, कारण भिंतीच्या गिलाव्याची खालची कड त्यांच्यावर येऊन थांबत होती. जमीन नंतर बदललेली असती तर गिलावा टाइलच्या मागे गेलेला दिसला असता.

दुसऱ्या टोकाची मर्यादा विजेने दिली. वायरिंगची लाकडी पट्टी छताखालच्या गलथ्यावरून (भिंतीच्या माथ्यावरच्या नक्षीच्या पट्ट्यावरून) आडवी ठोकलेली होती आणि दिवाणखान्याच्या मधोमध तेलाचा दिवा टांगायचा लोखंडी आकडा अजून होता. वीज येण्याआधी घर उभं होतं. उपनगराला वीज पुरवणारी बीएसईएस कंपनी १९२९ च्या अखेरीस स्थापन झाली. तेव्हा घर १९२२ ते १९३० या दरम्यानचं.

सर्वांत बोलका निघाला तो मागचा जिना. माडीवर जायला आतून जिना नाहीच. मागच्या अंगणातून दगडी पायऱ्यांचा एक जिना वर जातो. घरच्यांच्या मते तो ‘नंतर भाडेकरूंसाठी’ केलेला. गिलाव्याचा एक हातभर तुकडा काढून पाहिलं तेव्हा जिन्याच्या भिंतीच्या विटा घराच्या भिंतीत एकाआड एक थर गुंतलेल्या होत्या. नंतर जोडलेल्या भिंतीत सरळ उभा सांधा दिसतो. जिना पहिल्या दिवसापासूनचा होता. घर बांधतानाच माडी भाड्याने द्यायचं ठरलं होतं.

कागद काय सांगतात

इथे एक सापळा आहे आणि त्यात पुष्कळ लोक अडकतात. मालमत्ता पत्रकावरचं, म्हणजे सिटी सर्व्हेच्या मालकी नोंदीवरचं, पहिलं नाव म्हणजे पहिला मालक, असं समजलं जातं. उपनगरात सिटी सर्व्हे फार उशिरा, स्वातंत्र्यानंतर झाला, त्यामुळे पत्रकावर येतं ते त्या वेळच्या मालकाचं नाव. मूळ शोधायला मागे जावं लागतं: नगर रचना योजनेतला अंतिम भूखंड क्रमांक, त्याआधीचा सर्व्हे नंबर, त्याचे फेरफार, आणि दुय्यम निबंधक कार्यालयातल्या जुन्या सूच्या. सिटी सर्व्हे, अंतिम भूखंड आणि सर्व्हे नंबर या तीन क्रमांकांची सांगड घालणारा एक तक्ता आधीच करून घेतला नाही तर शेजारच्या भूखंडाचा इतिहास आपल्या घराला चिकटतो. इथे एकदा तसं झालंच. चार दिवस वाया गेले.

खरेदीखत सापडलं ते घरातच, देवघराच्या कोनाड्यामागच्या पत्र्याच्या पेटीत. जागेचं वर्णन ‘मुंबई उपनगर जिल्हा’ असं, म्हणजे १९२० नंतरचं. सोबत जमाखर्चाच्या तीन वह्या, दोन मोडीत, एक बाळबोध. मोडी वाचणाऱ्या बाईंनी दोन आठवडे घेतले. त्यांत गिरगावच्या बिऱ्हाडातून ‘वृंदावन आणविले’ म्हणून गाडीभाड्याची नोंद निघाली. १९१२ चा प्रश्न तिथे मिटला.

पुढाऱ्यांचं मात्र काहीच निघालं नाही. १९३० मध्ये पार्ल्याला सत्याग्रहाची छावणी होती, जमनालाल बजाज आणि किशोरलाल मश्रूवाला तिथे होते, हे सर्वश्रुत आहे. त्या उन्हाळ्याच्या पानांवर माडीच्या भाड्याची नोंद दर महिन्याला आहे: एक शिक्षक, त्यांची पत्नी आणि चार मुलं माडीवर राहत होती. दोन खोल्यांत सहा माणसांत पाहुण्याला जागा झाली नसेल असं ठामपणे म्हणता येत नाही, पण पुरावा नाही. त्याच पानांवर दुसरी एक नोंद आहे: छावणीसाठी तांदूळ आणि गूळ, तीन वेळा. घराने सत्याग्रहाला धान्य दिलं होतं, आणि हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

माणसं काय सांगतात

भाडेकरूंकडे सगळ्यात शेवटी जायचं ठरलं होतं. ही चूक होती. त्यांच्याकडे १९४० च्या दशकापासूनच्या भाडेपावत्यांची एक जाडजूड गड्डी जपलेली होती. भाडे नियंत्रणाच्या काळात पावती हाच हक्काचा पुरावा, त्यामुळे भाडेकरू पावती फेकत नाहीत. १९४७ च्या कायद्याने भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधलं गेलं, मालकाची दुरुस्तीची ऐपत तिथून आटत गेली. पावत्यांवरून कळलं की एका वेळी या घरात पाच बिऱ्हाडं होती. मूळ मालक वारल्यावर माजघरात लाकडी पार्टिशन घालून दोन खोल्या काढल्या गेल्या होत्या.

भाडेकरूंकडे माहेरपणाला आलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या एक आजी तडा गेलेल्या भिंतीपाशी उभ्या राहून म्हणाल्या, “इथंच मोरी होती आमची. पाणी भिंतीखालनं केळीला जायचं, विहिरीकडं.”

आत्या म्हणाल्या, “अगं, ती मोरी तर दादांनी बुजवली.”

“मोरी बुजवली हो आत्या. पाइप कुठं काढला?”

मागचं न्हाणीघर बांधलं तेव्हा त्याचं पाणी सोयीसाठी त्याच जुन्या चिनीमातीच्या पाइपात सोडलं होतं. पाइप माजघराच्या पायाखालून जात होता. न्हाणीघरात रंगीत पाणी ओतलं. गटाराच्या चेंबरमध्ये फारच थोडं पोचलं. जोत्याला लागून तीन फूट खोल खड्डा घेतल्यावर पाइपचे दोन सांधे फुटलेले सापडले, आणि पायाखालची माती जवळजवळ पाच फूट लांबीत धुऊन गेलेली. भिंत खचण्याचं कारण हे. ऑडिटच्या चौतीस पानांत या पाइपचा उल्लेख नव्हता, आणि भिंतीवरच्या त्या चाचण्यांतून तो सापडलाही नसता.

दुसरी गोष्ट पोर्चची. तो घरात पहिली मोटार आली तेव्हाचा. त्याच्या स्लॅबवर छपराच्या दोन उतारांचं पाणी पडतं, आणि स्लॅबला बाहेरच्या बाजूला उतार देण्याऐवजी भिंतीकडे दिला गेला होता. पुढच्या दोन तुळयांची भिंतीतली टोकं त्या पाण्याने कुजली होती.

राहणाऱ्यांची यादी आणि बिघाडांची यादी शेजारी ठेवल्यावर एकही मोठा बिघाड मूळ बांधणीतला निघाला नाही. पाच बिऱ्हाडं, नवं न्हाणीघर, मोटार, बंद माडी: प्रत्येक बिघाडामागे माणसांच्या राहण्यातला एक बदल होता.

पर्याय

विक्री किंवा पुनर्विकास. भाडेकरू असलेल्या उपनगरातल्या मोडकळीच्या इमारतींना विकास नियंत्रण नियमावली २०३४ मधला ३३(७)(अ) हा नियम लागू होऊ शकतो. पण पार्लं विमानतळाला लागून आहे, उंचीवर मर्यादा येते, त्यामुळे प्रस्तावात दाखवलेले मजले कागदावरच राहण्याची शक्यता होती. आत्यांचं वय पाहता तीन-चार वर्षं दुसरीकडे राहणं म्हणजे बहुधा परत न येणं. उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींसाठी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ आहे ते फक्त शहर भागात. उपनगरातल्या घराला तो आधार नाही.

आत आरसीसीचा सांगाडा उभारणं. दोन ठेकेदारांनी हेच सुचवलं. याचा अर्थ दीड विटेच्या भिंतींत खाच पाडून खांब घालणं, नव्या पायासाठी जुन्या पायाशेजारी खणणं. चुन्याची भिंत थोडी थोडी हलते, काँक्रीट हलत नाही. दोन्हींच्या सांध्यावर नव्या तडा जातात. खर्च सर्वांत जास्त, आणि दुखणं भलतीकडेच.

वारसा यादीत नाव घालणं. मुंबईची वारसा नियमावली १९९५ ची. श्रेणी १, २-अ, २-ब आणि ३. असं घर फार तर तिसऱ्या श्रेणीत बसलं असतं, आणि तिथे आतल्या बदलांना बरीच मोकळीक असते. तिघांची सहमती नव्हती, आणि प्रक्रिया चार महिन्यांत होणारी नव्हती. शिवाय १९१२ आणि पुढाऱ्यांचा मुक्काम हे दोन्ही आधार गळून पडले होते. खरं तर घराचं मोल या दोन्हींवाचून जास्तच स्पष्ट झालं होतं: माडी भाड्याने देऊन कर्ज फेडणाऱ्या मध्यमवर्गीय पार्लेकरांच्या घराचा इतका पूर्ण पुरावा क्वचितच हाती लागतो.

कारणांवर टप्प्याटप्प्याने दुरुस्ती. हेच निवडलं गेलं. परदेशातला भाचा दहा वर्षं विक्रीचा विषय न काढण्याच्या लेखी समझोत्यावर तयार झाला. दुरुस्तीतला त्याचा वाटा पुढे हिश्शात धरला जाईल असं ठरलं. भाडेकरूंनी न्हाणीघराच्या कामाचा काही खर्च उचलला. त्या न्हाणीघराचं अधिकृतपण त्यांच्या पावत्यांवरूनच सिद्ध झालं. निवासी बांधकाम १७ एप्रिल १९६४ च्या आधीचं आहे हे दाखवता आलं की ते ग्राह्य धरलं जातं.

काम

आधी पाणी बंद. जुना पाइप जागेवरच भरून निकामी केला, घराच्या बाहेरून चार इंची नवी लाइन टाकली. पायाखालची पोकळी एका वेळी अडीच-अडीच फुटांच्या तुकड्यांत, एक सोडून एक, दगड आणि चुना-सुर्खीने (सुर्खी म्हणजे विटांची पूड) भरली. सगळी लांबी एकदम उघडली असती तर भिंत बसली असती. काचेच्या पट्ट्यांपैकी एक मार्चमध्ये फुटली होती. पाइप बंद झाल्यानंतर बसवलेली एकही फुटली नाही. याच नोंदीच्या आधारे दुसऱ्या ऑडिटने घर दुरुस्तीयोग्य ठरवलं आणि समितीपुढे ते टिकलं.

ओल्या भिंतीवर कधीतरी सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक रंग मारला होता. दोन्ही मिळून पाणी आत कोंडत होते. पाच फुटांपर्यंत गिलावा उतरवून भिंत सात आठवडे उघडी ठेवली, वर येणारा खार कोरड्या ब्रशने झाडून उचलला. तो पाण्याने धुवायचा नाही. धुतला की परत भिंतीत जिरतो. नवा गिलावा चुन्याचा: एक भाग चुना, दोन भाग वाळू, चुना तीन आठवडे पाण्यात मुरवलेला, प्रत्येक थर एका सेंटिमीटरच्या आसपास, आणि आठ-दहा दिवस ओलं गोणपाट. गवंड्यांना सिमेंटची घाई अंगवळणी पडलेली असते. दुसऱ्या थराला त्यांनी परस्पर थोडं सिमेंट मिसळलं. दुसऱ्या दिवशी रंग करडा दिसला म्हणून कळलं, आणि चाळीस चौरस फूट पुन्हा उतरवावं लागलं.

छपराच्या उताराचं क्षेत्र सुमारे २,००० चौरस फूट, कौलं २,९०० च्या घरात. निम्म्याहून थोडी अधिक पुन्हा वापरण्याजोगी निघाली. नवी मंगलोरी कौलं दिसायला सारखी असली तरी वेगवेगळ्या कारखान्यांच्या खाचांत काही मिलिमीटरचा फरक असतो. जुनी-नवी एकाच रांगेत घातली तर कौल नीट बसत नाही आणि वाऱ्याच्या पावसात पाणी आत येतं. म्हणून जुनी सगळी पुढच्या आणि बाजूच्या उतारावर, नवी सगळी मागे. रीपांमधलं (कौलांखालच्या लाकडी पट्ट्यांमधलं) अंतरही मागच्या उतारावर नव्या कौलाप्रमाणे बदललं. पहिल्या आठवड्यात उतरवलेली कौलं आडवी रचल्यामुळे खालची दीडशेच्या आसपास तडकली. कौलं उभीच रचायची असतात.

कुजलेल्या तुळयांची टोकं दोन फुटांपर्यंत कापून, तिरकस सांध्याने जुनाच साग जोडला, सांध्याची लांबी तुळईच्या उंचीच्या तिप्पट, त्यात चार स्टेनलेस बोल्ट. भिंतीतल्या टोकाभोवती बोटभर हवा खेळेल इतकी जागा सोडली. पूर्वीच्या दुरुस्तीत तीच जागा सिमेंटने लिंपली होती आणि लाकूड त्यात घुसमटून कुजलं होतं. गंजलेल्या पाच गर्डरपैकी दोघांची खालची पट्टी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त झिजली होती. त्यांच्या शेजारी नवे गर्डर घातले, बाकी तिघांचा गंज काढून जस्तयुक्त प्रायमर दिला. वाळवीचं औषध सोडायला जमिनीत फूटभर अंतरावर भोकं पाडतात. दिवाणखान्यात ती नक्षीच्या टाइल्समधून न पाडता जोत्याच्या बाहेरून पाडली.

खर्चाचा सुमारे तिसरा हिस्सा छपराला, पाव हिस्सा भिंत आणि पायाला लागला. मोजणी, मोडी वाचन, नोंद या सगळ्याला एकूण खर्चाच्या शंभरात सहा रुपये.

परिणाम

पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आला. पोर्च आणि छपराच्या जोडावरच्या पत्र्यातून एकदा पाणी आलं. पत्रा कौलाखाली चारच इंच सरकवला होता, तो नऊ इंच केला. माजघराची भिंत पहिल्या पावसाळ्यात दमट राहिली, दुसऱ्यात कोरडी. तडा चुन्याने भरल्यावर पुन्हा उघडली नाही. आत्या घरातच आहेत, भाडेकरूही आहेत. माडी एका संगीतशिक्षिकेला लिव्ह अँड लायसन्सवर दिली आहे, आणि छपराच्या देखभालीचा पैसा त्यातून येतो. म्हणजे बांधणाऱ्याने माडीचा जो उपयोग ठरवला होता तोच परत सुरू झाला.

घराची एक फाइल तयार झाली: एक इंचाला चार फूट या प्रमाणातले नकाशे, प्रत्येक दार-खिडकीचं मोजमाप, कुठली भिंत कुठल्या काळातली याचे रंगीत आराखडे, आणि राहणाऱ्यांची वर्षवार यादी. फाटकाजवळ पाटी लावायची की नाही यावर बरीच चर्चा झाली. पुण्याच्या भाच्याला पुढाऱ्यांचं नाव सोडवत नव्हतं. शेवटी पाटीवर घराचं साधारण दशक, वृंदावन गिरगावहून आणल्याची नोंद, छावणीला दिलेलं धान्य आणि माडीवरच्या शिक्षकांपासून आजवरच्या सगळ्या बिऱ्हाडांची आडनावं आली. शेवटचं आडनाव भाडेकरूंचं आहे. ती पाटी पुसायचं काम त्यांच्या धाकट्या मुलाने आपणहून घेतलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

ऑडिटर नेमतानाच ‘भार पेलणाऱ्या चुन्याच्या वीटकामाचा अनुभव’ ही अट लेखी घालायला हवी होती. दोन महिने आणि तिघांमधली बरीच कटुता वाचली असती.

भाडेकरूंशी पहिल्याच आठवड्यात बोलायला हवं होतं. पाइप तेव्हाच सापडला असता. माडीवर नंतरच्या काळात राहिलेल्या एका गृहस्थांना भेटायचं ठरेपर्यंत त्यांची स्मृती गेली होती. त्या बारा वर्षांबद्दल यादीत नुसतं आडनाव आहे.

नोंद पुरी होईपर्यंत एकाही कारागिराला घरात सोडायला नको होतं. मोजणी चालू असताना सुताराने माजघराच्या दाराची चौकट पॉलिशसाठी घासली. तिच्यावर तीन पिढ्यांच्या मुलांच्या उंचीच्या रेघा होत्या, नावांसकट; खालच्या चार उरल्या. दिवाणखान्यात सफाईवाल्याने टाइल्सवर ॲसिड टाकलं, सहा चौरस फुटांची नक्षी फिकी झाली ती झालीच. सिमेंट टाइलचा रंगीत थर काही मिलिमीटरचाच असतो आणि ॲसिड तो खातं. ओलं फडकं आणि साधा साबण पुरतो.

विहिरीवरची काँक्रीटची झाकणी काढून आतलं बांधकाम पाहायचं राहिलं आहे. झाकणीच्या सळ्या उघड्या पडल्यात, त्यामुळे तिच्यावर कोणी उभं राहू नये म्हणून तूर्त तारेचं कुंपण केलं आहे. येत्या फेब्रुवारीत पाणी खाली गेलं की ते काम घ्यायचं ठरलं आहे.